शकूताई, बॅटऱ्या चार्ज धरत नाहीत

शकूताई, तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाला विहाराचा हॉल भरला होता. बोलायला उभं राहिलेल्या प्रत्येकाने तुमची हॉस्पिटलातली नर्सची नोकरी सांगितली, वॉर्ड कुठला, सेवा किती वर्षांची, निरोप समारंभाला कोण कोण आलं होतं. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही बाई कोण? मला माहीत असलेल्या शकूताई चाळीच्या मागच्या अंगणात उलट्या बादलीवर बसायच्या. डोक्यावर माझ्या नवऱ्याचं, तुमच्या प्रकाशचं हेल्मेट, हातात रबरी फुगा लावलेली काचेची नळी, आणि तोंडाने बॅटरीला शिव्या. "वर ये ना गं भवाने, किती नखरे करशील!" त्या बाईबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मला बोलायला सांगितलं होतं. मी मान हलवून नाही म्हटलं. तिथे तोंड उघडलं असतं तर फक्त रडले असते. म्हणून इथे बोलते.

रडणं अजून संपलेलं नाही. पण आता ते दुपारी ऑफिसात डबा उघडल्यावर येतं, कारण तुम्ही भाजी कुठली दिलीत ते डबा उघडेपर्यंत मला कधीच माहीत नसायचं. आता माहीत असतं. मीच केलेली असते.

गाडी घेतलीत तेव्हा मी विरोधात होते. निवृत्त झाल्यावर माणसं बोधगयेला जाऊन येतात, गावी दोन खोल्या बांधतात. तुम्ही कुठल्याशा हॉटेलने वापरून काढून टाकलेली विजेवरची व्हॅन घेऊन आलात. पांढरी, सरकत्या दाराची, बाजूला हॉटेलचं नाव खरवडल्याचे ओरखडे. प्रकाश म्हणाला, "अगं ताई, हे काय?" तुम्ही म्हणालात, "सुरेखासाठी."

सुरेखा शेजारच्या चाळीतली. शिलाई मशीनवर घर चालवणारी, नवरा नाही, दोन्ही किडन्या गेलेल्या. डायलिसिस करून परत येताना बस स्टॉपवर ती चक्कर येऊन पडली आणि लोक तिला दारू प्यायलीय समजून बाजूने जात राहिले. ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत. आयुष्यभर वॉर्डात माणसं उचललेली तुम्ही, तिला तिथून उचललीत आणि त्याच महिन्यात गाडी घेतलीत. चाळीतून डायलिसिस सेंटर आणि सेंटरमधून चाळ. तुमचा धंदा एवढाच. आधी एकटी सुरेखा, मग आणखी तिघं-चौघं.

मी म्हणायची, "ताई, टॅक्सी करून द्या ना लोकांना, स्वतः कशाला चालवायला हवी?" तुम्ही म्हणायचात, "टॅक्सीवाला उलटीची पिशवी धरणार आहे का?"  तरी मी पुढल्या आठवड्यात तोच प्रश्न विचारायची.

त्या गाडीला आवाज नव्हता. लालबागच्या गर्दीत माणसं रस्त्याच्या मधोमध चालायची आणि मागून गाडी आलीय हे कोणाच्या गावीही नसायचं. हॉर्न तुम्हाला आवडायचा नाही, पेशंटला त्रास होतो म्हणायचात. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायचात, "ओ दादा, मी आहे मागे! दादा, मी आहे!" ती हाक अजून माझ्या कानात आहे. मी बाजूच्या सीटवर लाजेने मान खाली घालून बसायची. तुम्हाला कसलीच लाज नव्हती.

मग तुमच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनला जायच्या आदल्या सकाळी तुम्ही गाडीच्या सीटा उचलून बॅटऱ्यांच्या तारा सोडवल्यात, ताडपत्री टाकलीत, दोरी बांधलीत. "दोन महिन्यांत येते," असं तुम्ही गाडीला म्हणालात की मला, ते कळलं नाही. दोन महिन्यांत कसल्या येता. ऑपरेशन, मग केमो, मग जंतुसंसर्ग, मग पुन्हा केमो. गाडी भिंतीला टेकून उभी होती तशीच उभी राहिली. ताडपत्रीवर कबुतरांनी घाण केली, चाळीतल्यांनी तिच्या आडोशाला जुनी कपाटं, मोडके कुलर आणून ठेवले. आम्ही हॉस्पिटलच्या खेपांत इतके बुडालेलो की गाडी आहे हेच विसरलो.

तुम्ही बऱ्या होऊन आलात, निदान आम्ही तसं समजलो, तेव्हा घरात आल्यावर चहाच्याही आधी मागच्या खिडकीत गेलात. डोक्यावर नुकते उगवलेले केस, अंगात नुसती हाडं. म्हणालात, "सुरेखा कशी जाते?"

मी म्हटलं, "बसने. कधीकधी जातच नाही."

 दुसऱ्या दिवशी तुम्ही कपाटं बाजूला करायला लागलात.

ताडपत्री काढली तेव्हाचा वास मला आठवतो. ओल, उंदीर आणि काहीतरी आंबट. सीटखाली सहा बॅटऱ्या रांगेत होत्या आणि त्यांच्या टोकांवर हिरवट-पांढरा फेस वाळून दगड झाला होता. तुम्ही तारा जोडल्यात, गाडीचा चार्जर लावलात. चार्जरने एक लाल दिवा दाखवला आणि गप्प बसला. बॅटऱ्या इतक्या उतरल्या होत्या की समोर बॅटरी आहे हेच त्याला ओळखता येईना.

लालबागच्या बॅटरीवाल्या शेखभाईंना बोलावलं. त्यांनी एकेक झाकण उघडून आत टॉर्च मारला. आतलं पाणी आटून पट्ट्या उघड्या पडलेल्या, त्यांच्यावर पांढरा थर. शेखभाई हात पुसत म्हणाले, "सिस्टर, इसको छोड दो. भंगार में जायेगा."

"एक पण नाही वाचणार?"

"कोशिश करने का है तो करो. छोटे चार्जर से, धीरे धीरे. एक एक को अलग. टाइम लगेगा."

"टाइम आहे माझ्याकडे," तुम्ही म्हणालात.

मी तेव्हा हसले होते.

मग ते सुरू झालं. सोड्याच्या पाण्याने टोकं धुणं, जुन्या टूथब्रशने घासणं, डिस्टिल्ड वॉटर थेंबाथेंबाने भरणं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर काढून एका वेळी एका बॅटरीला छोटा चार्जर लावून ठेवणं. अ‍ॅसिड डोळ्यांत उडू नये म्हणून तुम्ही प्रकाशचं हेल्मेट घालायचात, काच खाली ओढून. मी ऑफिसला निघायच्या आधी अर्धा तास तुमच्याजवळ बसायची. फुगा दाबून बॅटरीतलं पाणी नळीत ओढायचं आणि आतली छोटी कांडी किती वर तरंगते ते बघायचं. कांडी वर आली म्हणजे बॅटरीत जीव आहे. कित्येक दिवस ती तळाशीच पडून राहिली. माझ्या तीन कुर्त्यांना अ‍ॅसिडने भोकं पडली. तुमच्या गाऊनची तर चाळण झाली.

आणि एक दिवस कांडी हलली. किती, तर नखाएवढी. तुम्ही हेल्मेटच्या आतून असं काही किंचाळलात की वरच्या मजल्यावरून लोक गॅलरीत आले. काय झालं, कोण पडलं? "वर आली!" तुम्ही ओरडलात. कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. तुमच्याबरोबरच्या सगळ्या वर्षांत मी तुम्हाला एवढं खूश कधीच पाहिलं नव्हतं, तुमच्या भावाच्या लग्नातही नाही. ती सकाळ तुम्ही मला दिलीत, ताई. आज मला बाकी काहीच सुचत नसताना ती एक सकाळ सुचते, आणि मग तिच्यामागून पुढचं सगळं येतं.

पुढचं म्हणजे तो रविवार. सहातल्या चार बॅटऱ्या शुद्धीवर आल्या होत्या, पाचवी कुंथत होती. प्रकाश डिस्टिल्ड वॉटर आणायला गेला होता. तुम्ही नळी फडक्याने पुसत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "मीना, गाठ परत आलीय."

"कधी कळलं?"

"मागे स्कॅन केला ना."

"तुम्ही तर सगळं नॉर्मल आहे म्हणालात."

"प्रकाशसमोर म्हणाले."

"बरं, मग केमो कधीपासून?"

"नाही घ्यायची."

मी ओरडले. आजवर तुमच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "या डबड्यांना रोज पाणी पाजताय, रोज चार्जर लावताय, आणि स्वतःचं आलं की नाही घ्यायची?"

तुम्ही हेल्मेट काढलंत. घामाने कपाळ चमकत होतं. "बॅटरीला मळमळत नाही, मीना. तिचे केस जात नाहीत. तिला उचलून संडासला न्यावं लागत नाही."

"मी नेईन ना उचलून."

"माहितीय. म्हणूनच नको."

तेवढ्यात प्रकाश कॅन घेऊन आला. तुम्ही हेल्मेट परत चढवलंत आणि म्हणालात, "झाकणं दे गं इकडे." मी झाकणं दिली.

वाद तिथेच राहिला. त्यानंतर कितीदा मी तो उकरायला गेले आणि तुम्ही दर वेळी बॅटरीचं काहीतरी काढलंत. मला जे बोलायचं होतं ते साधं होतं, ताई. माझ्या पोटाच्या ऑपरेशननंतर तुम्ही मला उचलून नेत होतात. रोज, ड्युटी करून आल्यावर, युनिफॉर्मसुद्धा न बदलता. मला तेव्हा ओझं झाल्यासारखं वाटलं नव्हतं, कारण तुम्ही वाटू दिलं नव्हतं. मग तेच मला का करू दिलं नाहीत? स्वतःला उचलून घ्यायची सवय तुम्हाला नव्हती, एवढंच कारण असेल तर ते मला पटत नाही. तुम्ही चुकलात असं मला आजही वाटतं. तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला माहीत नाही. दोन्ही खरं आहे, आणि हे दोन्ही तुम्हाला ऐकवायला तुम्ही नाही.

सहावी बॅटरी काही उठली नाही. शेखभाईंनी सांगितलं, तिच्यातला एक कप्पा बसलाय, ती रांगेत ठेवली तर बाकीच्यांनाही खाली ओढेल. त्यांनी दुसऱ्या कुठल्या गाडीतून निघालेली एक आणून बसवली. गाडी चालली. तुम्ही अंगणातच तीन चकरा मारल्यात, मोडक्या कुलरांच्या मधून.

मग मला चालवायला बसवलंत. माझं लायसन्स कधीचं काढून पडलेलं, हात बसलेला नव्हता. "तू शिकून घे नीट," एवढंच म्हणालात. का, ते आपण दोघी बोललो नाही. मी शिकले. तुम्ही बाजूला बसून ब्रेक नसलेल्या जागी पाय दाबायचात.

सुरेखाला आपण परत न्यायला लागलो. परतीच्या वाटेला ती मागच्या सीटवर आडवी व्हायची. तुमच्यात ताकद होती तेव्हा तुम्ही मागे बसून तिचं डोकं मांडीवर घ्यायचात. दोघींचे चेहरे आरशात दिसायचे. त्यांत पेशंट कोण हे सांगता येऊ नये, असं हळूहळू होत गेलं.

तुमचे डोळे पिवळे झाले तेव्हा प्रकाशला सांगावंच लागलं. तो तुमच्यावर चिडला नाही, माझ्यावरही नाही. बाहेर जाऊन गाडीच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ आत आला नाही. तुम्ही खिडकीतून म्हणालात, "अरे, दार लाव गाडीचं, उंदीर शिरतील." तुमच्या भावाला तुम्ही त्या दिवशी एवढंच म्हणालात. तुम्हा दोघांना बोलता येत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. तरी मला वाटलं होतं, निदान आता.

तुम्ही गेलात ती दुपार होती. बाहेर कोणाच्या तरी मोबाइलवर मॅच चालू होती. खिडकीखाली चार्जर लावलेला होता. तुम्ही डोळे उघडलेत, म्हणालात, "चार्जर काढलास का? तापतो तो." मी बाहेर गेले, काढला, परत आले. तुम्हाला झोप लागलीय असं वाटलं. मी पंखा हळू केला. मग तुमच्या छातीकडे बघत राहिले आणि बघता बघता कळलं.

लोक म्हणतात, शेवटचं काही बोलल्या का? मी सांगते, नाही. चार्जरचं कसं सांगू? सांगितलं तर ते त्यातून काहीतरी अर्थ काढतील. त्यात काही अर्थ नव्हता. चार्जर खरंच तापत होता.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या धावपळीत सुरेखाचं एक डायलिसिस चुकलं. ती आली तेव्हा तिचा चेहरा सुजला होता, पाय चपलांत मावत नव्हते. म्हणाली, "वहिनी, मी जाईन बसने." मी म्हटलं, "शुक्रवारी गाडी आणते." प्रकाश म्हणाला, "मीना, राहू दे. मला ती गाडी बघवत नाही." मी ऐकलं नाही. मी झाकणं उघडली, पाणी घातलं, हेल्मेट घातलं, बादलीवर बसले. तुम्ही करायचात ते सगळं त्याच क्रमाने केलं. शुक्रवारी सकाळी चार्जचा काटा पूर्ण भरलेला दिसत होता. मला बरं वाटलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं, ताई.

सेंटर रुळांच्या पलीकडे. शेजारचा पूल तोडल्यापासून सगळी गर्दी या उरलेल्या पुलावर. चढाला लागले तसा काटा खाली यायला लागला. पाय दाबला तर आणखी खाली. अर्ध्या चढावर गाडी, कोणीतरी हात धरून थांबवल्यासारखी, थांबली. आवाज नव्हताच, त्यामुळे बंद पडली हेही मागच्यांना कळलं नाही. हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. मी चावी फिरवत राहिले. मागून सुरेखा म्हणाली, "वहिनी, मला उतरवा. वजन तेवढंच कमी होईल."

ती आता केवढीशी उरलीय हे तुम्हाला माहीत आहे.

चार माणसांनी गाडी ढकलत मागे उतरवून पुलाच्या पायथ्याशी लावली. कोणी शिव्या दिल्या, कोणी पाणी दिलं. मी टॅक्सी थांबवली. टॅक्सीत सुरेखा माझ्या खांद्यावर डोकं टाकून होती आणि मला पुन्हा पुन्हा सांगत होती, "तुमची चूक नाही." मला ते ऐकवत नव्हतं.

शेखभाईंनी संध्याकाळी बघितलं. काटा दाखवत होता तो वरवरचा चार्ज होता, आत काही धरलंच जात नव्हतं. बाहेरून आणलेली बॅटरीही बाकीच्यांबरोबर बसली होती. "सब गया, मॅडम," ते म्हणाले. नवीन सेट टाकायचा म्हटलं तर गाडी ठेवायची कुठे? चाळ पाडायची म्हणून रिकामी करायच्या नोटिसा आल्यात, अंगण मोकळं करा म्हणून कमिटीवाले रोज दारात येतात. आम्हाला तात्पुरती खोली मिळणार ती एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर. खिडकीतून खाली वायर सोडायची म्हटली तरी पोचणार नाही. प्रकाशने भंगारवाल्याशी बोलणं केलंय. मी अडवलं नाही. अडवायला माझ्याकडे काही उरलं नाही. सुरेखाला मी टॅक्सीने नेते, ऑफिसातून निघता येतं त्या दिवशी. निघता येत नाही त्या दिवशी ती बसने जाते. किंवा जात नाही. म्हणजे तुम्ही गाडी आणायच्या आधी जिथे होतो तिथेच आम्ही परत आलो, फक्त आता तुम्ही नाही.

त्या शुक्रवारचं एक मी प्रकाशला सांगितलेलं नाही.

टॅक्सी सेंटरच्या फाटकापाशी थांबली, तिथे वॉचमन उभा होता. वयस्कर, मालवणकडला. फाटकाला लागून एका गाडीची जागा त्याने प्लास्टिकचा कोन ठेवून अडवली होती. आम्हाला टॅक्सीतून उतरताना बघून तो दोन पावलं पुढे आला, आमच्या मागे रस्त्यावर वाकून बघितलं.

"आणि गाडी खंय?" तो म्हणाला. "मी जागा ठेवलंय. सिस्टर बोलले होते, मंगळवार-शुक्रवार येतलंव म्हणून. कोणाक लावूक देत नाय मी."

तुम्ही त्याला कधी सांगितलंत, मला माहीत नाही. एवढे दिवस मी ज्यांना ज्यांना भेटले त्या सगळ्यांना तुमची बातमी आधीच कळलेली होती. तोंडाने सांगायची वेळ माझ्यावर आली नव्हती. 

सुरेखा माझ्या खांद्याला धरून होती. तीच म्हणाली, "काका, सिस्टर गेल्या."

त्याने टोपी काढली.  मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मग त्याने वाकून तो कोन उचलला आणि भिंतीशी नेऊन ठेवला.

ताई, मी सुरेखाला धरून पायऱ्या चढवत होते. आम्ही दारापर्यंत पोचायच्या आत त्या जागेत कोणाची तरी लाल गाडी येऊन लागली.